मास्क, घोरणं आणि सावरीची उशी



गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आमच्या ह्यांच्या सीपॅप मशीनमधली नोंद मला दाखवली. मास्क रात्रभर लावायचा आहे, आणि नोंद होती सरासरी तीन तासांची. मी बी.कॉम. झालेली बाई, आकडा बघून गप्प बसणार नाही. "अहो, मास्क काढता का रात्री?" विचारलं, तर म्हणाले, "कुशीवर वळलं की मास्क सरकतो, हवा डोळ्यात जाते. मग झोपच नको वाटते." त्या रात्री मी जागी राहून पाहिलं. ते वळले की फुगीर उशी मास्कला एका बाजूने ढकलायची आणि फटीतून हवा फुसफुसायची. दोष उशीचा होता.

मला तेव्हा आमचे आण्णा आठवले. माझं माहेर साताऱ्याचं. आण्णांचं घोरणं माडीवरून खालच्या सोप्यापर्यंत ऐकू यायचं. मध्येच ते थांबायचं, सगळं शांत व्हायचं, आणि मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास यायचा. आम्ही पोरं हसायचो. आई म्हणायची, "दमलेत, गाढ झोप लागलीय." दिवसा दुकानात गादीवर बसून खतावणी लिहिता लिहिता त्यांची मान खाली जायची. 1979 च्या वैशाखात ते झोपेतच गेले. वय 58. त्यांना हाच आजार होता असं मी म्हणणार नाही, कारण तपासणी कधी झालीच नाही. पण हे सगळं वाचायला लागले ते त्यांच्यासाठी.

झोपेत श्वास अडतो, हे डॉक्टरांनी नीट नोंदवलं 1965 साली, फ्रान्स आणि जर्मनीत. तोवर घोरणारा जाडा माणूस म्हणजे चेष्टेचा विषय. आपल्याकडे कुंभकर्ण होताच. आजार कळला, तरी जास्त त्रास असलेल्यांवर खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची. ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. कॉलिन सुलिव्हन यांच्याकडे असाच एक रुग्ण आला. त्याला गळ्याला छिद्र नको होतं. जून 1980 मध्ये डॉक्टरांनी त्याच्या नाकावर मास्क बसवला आणि नळीतून हलक्या दाबाने हवा सोडली. त्या दाबाने घसा मिटत नाही. माणूस रात्रभर झोपला. 1981 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात पाच रुग्णांची माहिती छापून आली. सुरुवातीची ती यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरसारख्या पंख्यावर चालायची, मोठा आवाज करायची, आणि मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागायचा.

जून 1980. आण्णा जाऊन एक वर्ष झालं होतं. ही तारीख वाचली तेव्हा मी चष्मा काढून थोडा वेळ बसून राहिले.

आता उशीकडे येते. जुन्या इजिप्तमध्ये लाकडाच्या, दगडाच्या उशा असत, मानेखाली कमानीसारख्या. आपल्याकडे गाद्यांना कापूस आणि उशांना सावरी. काटेसावरीला फाल्गुनाच्या सुमारास लाल फुलं येतात, उन्हाळ्यात बोंडं फुटून कापूस उडतो. त्याचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, सूत काढायला अवघड, म्हणून तो उशीत गेला. माझी आजी बोंडं वाळवून, सरकी काढून उशा भरायची. त्यातल्या दोन मी लग्नात सांगलीला आणल्या. एक ऑगस्ट 2019 च्या महापुरात गाळाने गेली. दुसरी माळ्यावर होती, ती राहिली. हल्लीचा मेमरी फोम 1966 साली नासासाठी झालेल्या संशोधनातून निघाला, विमानातल्या आसनांसाठी.

सीपॅपसाठी वेगळी उशी मिळते. तिच्या दोन्ही बाजूंना खाचा असतात, त्यामुळे कुशीवर झोपलं तरी मास्क मोकळा राहतो. ती महाग वाटली तर माझा अनुभव सांगते. मी आजीची उशी उसवली, थोडी सावरी काढली, दोन्ही बाजूंना मधोमध वीतभर भाग आत दाबून शिवला. नळी डोक्यावरून मागे घेतली, म्हणजे वळताना ओढली जात नाही.

विकत घ्या किंवा घरी करा, एवढं बघा. उशी फार उंच नको, हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते. फार मऊही नको, चेहरा रुततो आणि मास्क दाबला जातो. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याएवढी उंची लागते, उताण्या झोपणाऱ्याला कमी. फोम घेतला तर आपल्या उन्हाळ्यात गरम होतो, हे लक्षात ठेवा. पिसांची उशी आपल्या घरात येणार नाहीच. पट्ट्यांचे वळ उठू नयेत म्हणून कुणी रेशमी अभ्रा सुचवतात, तोही आपल्याला नको. मऊ सुती अभ्रा पुरतो, मात्र दर दोन-तीन दिवसांनी धुवा. उशी बदलूनही हवा सुटत असेल तर मास्कचं माप डॉक्टरांना दाखवा.

आपल्या मुनींच्या 28 मूलगुणांत भूमिशयन आहे. जमिनीवर किंवा फळीवर, एका कुशीवर, थोडीच झोप. त्यांना उशी लागत नाही. आपण संसारी माणसं, आपल्या शरीराला आधार लागतो. तो घ्यायला लाजू नये.

काल मशीनची नोंद पाहिली: सहा तास दहा मिनिटं. तुमच्या घरात कुणी घोरताना मध्येच थांबत असेल, दिवसा पेंगत असेल, तर हसू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या. आम्ही हसलो होतो.

जय जिनेंद्र.