डोंबिवली स्टेशनातून निघालेली संख्या

मंडळी, आज एका सतरा अंकी संख्येची गोष्ट : 12345678987654321. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखीच. ही 111111111 ची, म्हणजे नऊ वेळा एक लिहून झालेल्या संख्येची वर्गसंख्या. आणि अंकांची बेरीज? 81, म्हणजे परत नवाचाच वर्ग!

अशा वर्गसंख्यांना 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटलं ते द. रा. कापरेकरांनी, 1938 च्या एका लेखात. जन्म 1905 चा, डहाणूचा. पुण्यात फर्ग्युसनला असताना 1927 साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं, आणि 1930 ते 1962 देवळालीत शाळामास्तरकी केली. जुन्या जी.आय.पी. रेल्वेवर डोंबिवली स्टेशनचं नाव होतं डेम्लो. या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना त्यांना तिथे सुचली, म्हणून हे नाव.

आता हे होतं कसं? 111 गुणिले 111 मांडून बघा. एकाखाली एक, एकेक घर सरकलेल्या 111 च्या तीन ओळी. उभी बेरीज केली की 1, 2, 3, 2, 1. नऊ एक घेतले तर मधल्या घरात 9 येतात, हातचा लागत नाही. दहा घेतले की मधे 10 आले, आणि गाडी घसरली : 1234567900987654321. अंकांची बेरीज 100 नाही, 82. दोन हातचे, प्रत्येकी 9 ची तूट.

म्हणजे ही फक्त आपल्या लिहिण्याची गंमत का? जी. एच. हार्डीने 1940 च्या पुस्तकात अंकांच्या असल्या करामती कोड्यांपुरत्या ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही, असं ठरवून टाकलं होतं. रोख कापरेकरांवर नव्हता, पण छंद तोच.

मला हे अर्धंच पटतं. आमच्या जामसंड्यात हापूस डझनावर मोजतात. समजा आकडेही बाराच्या पद्धतीत लिहिले, तर हातचा न येता अकरा एकांपर्यंत मजल जाते. सोळाच्या पद्धतीत पंधरापर्यंत. कुठे मोडणार ते लिहिण्यावर ठरतं, पण ती चढण-उतरण सगळीकडे तीच. कारण ती 1 + क्ष + क्ष² + … या बहुपदीच्या वर्गातच आहे. अंकांशी खेळता खेळता मास्तर खऱ्या बीजगणितात पोचतो तो असा.

पुढे मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिलं आणि जग त्यांना ओळखू लागलं. 1986 साली ते गेले.

जाता जाता आमच्या धंद्यातली एक गंमत. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये 111111111 * 111111111 करून बघा. उत्तर येतं 12345678987654320. शेवटचा एक गायब! तिथली साधी संख्या 9007199254740992 च्या पुढे विषम आकडा नेमका धरूच शकत नाही. कागदावर मात्र तो एक जागच्या जागी येतो, हातचाही लागत नाही :-)