पांढऱ्या हत्तीचं बिऱ्हाड

जन्मभर भाड्याच्या जागेत राहिलेल्या माणसाला एक खोड लागते. कुणाच्या घरी गेला, की पंख्याखाली टेकायच्या आत तो विचारतो, "जागा स्वतःची का?" मी पुण्यात एका वाड्यात एकतीस वर्षं भाडेकरू होतो. त्यामुळे कॅलिफोर्नियात मुलाकडे जाऊ-येऊ लागलो तरी ही खोड काही सुटली नाही. गोल्डन गेट पूल पाहिला, सुनेने हौसेने दाखवलेले द्राक्षांचे मळे पाहिले. पण जीव गुंतला तो ओकलंड ॲथलेटिक्स नावाच्या बेसबॉलच्या संघात. खेळ मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हता. "आजोबा, ही आमची टीम. पण त्यांना राहायला धड घर नाही," असं नातवाने सांगितलं मात्र, आणि मी सावरून बसलो. म्हटलं, हे प्रकरण आपल्या हद्दीतलं आहे.

मुलगा राहतो फ्रीमाँटला. ह्या गावात मराठी इतकं कानावर पडतं की वाण्याच्या दुकानात कुणाची निंदा करायची सोय नाही. २००६ च्या नोव्हेंबरात ह्या संघाने जाहीर केलं होतं, की ओकलंड सोडून आम्ही ह्याच फ्रीमाँटला नवं स्टेडियम बांधणार. गावात आनंदाच्या लाटा उसळल्या म्हणाल तर तसं काही झालं नाही. लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो पार्किंगचा. खेळाला आमचा पाठिंबाच आहे हो, फक्त आमच्या गल्लीत नको, हा विचार जगात सगळीकडे एकाच भाषेत केला जातो असं दिसतं. २००९ च्या फेब्रुवारीत संघाने तो नाद सोडला.

बेसबॉलचे नियम मी इथे सांगत बसत नाही. एवढंच ध्यानात धरा, की मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे हा खेळ नव्हे, नोकरी! रविवारसुद्धा कामाचा. एवढं राबून जे पुढे येतात ते ऑक्टोबरात बाद फेरीला पात्र ठरतात, आणि तिथे सहा महिन्यांची पुण्याई पाच दिवसांत निकालात निघते. कधी कधी एका दिवसात. लेखी परीक्षेत बोर्डात यायचं आणि तोंडी परीक्षेत मास्तरांनी नाव विचारल्यावर ततपप करायचं, असा काहीसा हा प्रकार आहे.

घराणं मात्र खानदानी. संघाचा जन्म १९०१ सालचा, फिलाडेल्फियाचा. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन मॅग्रॉ नावाच्या जहाल माणसाने हिणवलं, की ह्या संघाच्या मालकांनी पांढरा हत्ती पोसायला घेतला आहे. (आपल्याकडेही हत्तीचा अर्थ तोच. हत्ती कुठेही गेला तरी खातो तितकंच.) संघाचे मॅनेजर कॉनी मॅक मोठे वस्ताद. त्यांनी रागावून पत्रक वगैरे काढलं नाही. पांढरा हत्ती हेच संघाचं चिन्ह करून टाकलं. हे मॅक गृहस्थ १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षं मॅनेजर होते, आणि खेळाडूंच्या गणवेशाऐवजी सूट घालून बसायचे. पन्नास वर्षं एकाच खुर्चीवर बसलेला माणूस मी फक्त आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत पाहिला आहे. मग पुढे मॅक यांच्या मुलांत भाऊबंदकी लागली, कर्ज झालं आणि १९५४ मध्ये संघ विकला गेला. १९५५ पासून हत्ती कॅन्सस सिटीत.

तिथे १९६० च्या अखेरीस चार्ली फिनली हा मालक लाभला. हा माणूस एका खेचराला स्वतःचं नाव देऊन संघाबरोबर गावोगाव फिरवत असे. १९७२ साली त्याने मिशा ठेवणाऱ्या प्रत्येक खेळाडूला तीनशे डॉलर दिले. मिशीला एवढा भाव पेशवाईनंतर प्रथमच आला असेल. १९६८ मध्ये त्याने बिऱ्हाड ओकलंडला हलवलं, तेव्हा मिझुरीचे सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन म्हणाले, की ओकलंडइतकं नशीबवान शहर हिरोशिमानंतर दुसरं झालेलं नाही. सिनेटर चिडलेले होते, पण ओकलंडला फळलं. १९७२, ७३, ७४ असं लागोपाठ तीनदा अजिंक्यपद! आणि त्यानंतर फिनलींनी एकेक मोहरा घालवत संघाची अशी दशा केली, की १७ एप्रिल १९७९ च्या सामन्याला ६५३ प्रेक्षक होते. सरकारी आकडा ६५३. आमच्या वाड्यातल्या सत्यनारायणाच्या प्रसादाला ह्याच्याहून फार कमी माणसं नसत.

ह्यावर "ओकलंडच्या लोकांना बेसबॉलचं प्रेमच नाही" असं म्हणणारे पुढे पुष्कळ निघाले. त्यांना नातू एकच आकडा ऐकवतो. लिवाइस जीन्सवाल्या घराण्यातल्या वॉल्टर हास यांनी १९८० साली संघ घेतला, नीट चालवला, १९८९ मध्ये अजिंक्यपद आणलं (त्याच मालिकेत भूकंप झाला आणि ओकलंडमधला दुमजली रस्ता कोसळून ४२ माणसं गेली), आणि १९९० च्या मोसमात २९ लाख लोक तिकीट काढून आले. घरमालकाने कौलं शाकारली की भाडेकरूही अंगण सारवतो.

ह्याच हास यांनी एक सज्जनपणा केला आणि तो संघाला फार महागात पडला. शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सनाही तेव्हा जागा हवी होती. सॅन होजेकडे जाता यावं म्हणून त्यांनी त्या भागाचा हक्क मागितला. हास यांनी एक पैसा न घेता होकार दिला. जायंट्स तिकडे गेलेच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोतच समुद्रकाठी झकास स्टेडियम बांधून राहिले. पुढे ॲथलेटिक्सना सॅन होजेला जायचं झालं, तेव्हा जायंट्स म्हणाले, "तो हक्क आमचा." शेजारणीला उसनी दिलेली परात वीस वर्षांनी मागायला जावं आणि तिने तळाशी कोरलेलं स्वतःचं नाव दाखवावं, तशातली गत. सॅन होजे शहर कोर्टात गेलं. पण १९२२ सालच्या एका निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळालेली आहे, त्यापुढे कुणाचं चाललं नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. परात गेली ती गेलीच.

आणि हे सगळं चालू असताना संघ खेळत होता, हे लोक विसरतात. नुसता खेळत नव्हता, कमी पैशांत जिंकत होता. त्यावर पुस्तक निघालं, सिनेमा निघाला. फक्त ऑक्टोबर आला की घात व्हायचा. २००० साली बाद फेरीच्या पाचव्या, निर्णायक सामन्यात हार. २००१ ला तेच. २००२, २००३ ला तेच. २०१२ आणि २०१३ ला तेच, आणि दोन्ही वेळा डेट्रॉइटकडूनच. २०१४ ला कॅन्सस सिटीविरुद्ध आठव्या डावापर्यंत ७-३ अशी आघाडी आणि बाराव्या डावात ९-८ ने पराभव. २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये एकाच सामन्यात निकाल. "आता हरलो तर घरी" अशा आठ लढती, आठही गमावल्या. आमच्या शेजारच्या नानांचा मुलगा बँकेच्या परीक्षेला बसायचा, त्याचं रेकॉर्डसुद्धा ह्यापेक्षा बरं होतं.

नववी लढत मी डोळ्यांनी पाहिली. २ ऑक्टोबर २०१९. फ्रीमाँटहून लोकलने (तिला तिकडे बार्ट म्हणतात आणि तिला लोंबकळत नाहीत) कोलिझियम स्टेशनला उतरलो. स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत एक लांबच लांब पूल आहे, त्यावर टोप्या विकणारे, पाणी विकणारे. मला क्षणभर दादरलाच आल्यासारखं वाटलं. ५४,००५ माणूस! हिरवा-पिवळा समुद्र नुसता. मागे ढोल बडवत होते. मी म्हटलं, ज्या गावाला खेळाचं प्रेम नाही म्हणतात ते गाव हेच का? टाम्पा बेचा यांडी डियाझ नावाचा गडी पहिलाच बॅटिंगला आला आणि त्याने होमरन मारला. तिसऱ्या डावात पुन्हा मारला. ५-१ ने खलास. पण मला आठवतं ते वेगळंच. शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, गुडघ्यावर वही, प्रत्येक चेंडूची नोंद करत. चौथ्या डावात सामना गेल्यातच जमा होता, तरी त्यांनी शेवटच्या चेंडूपर्यंत नोंद केली, वही मिटली आणि मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर २०२० ला, ॲथलेटिक्सनी ह्याच मैदानावर शिकागोला ६-४ ने हरवून निर्णायक सामन्याचं ग्रहण सोडवलं. स्टेडियममध्ये माणूस नव्हता. करोना. खुर्च्यांवर प्रेक्षकांची पुठ्ठ्याची चित्रं बसवली होती. वीस वर्षं वाट पाहिलेलं कार्य पार पडलं आणि आहेर घ्यायला पुठ्ठे!

आता जागेबद्दल. कोलिझियम १९६६ चं. मूळची वास्तू साधी, पण मागे टेकड्यांचा देखावा सुरेख. १९९५ साली रेडर्स नावाचा फुटबॉल संघ गावात परत यावा म्हणून शहराने आणि काउंटीने कर्ज काढून त्या टेकड्यांसमोर काँक्रीटचा डोंगर उभा केला. रेडर्स पुढे लास व्हेगासला निघूनही गेले, हप्ते राहिले. मुलगा वेगळा झाला तरी बापाने त्याच्या लग्नाचं कर्ज फेडत बसावं, तसं. २०१३ च्या जूनमध्ये गटार तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत पाणी शिरलं, तेव्हा दोन्ही संघांनी एकाच खोलीत कपडे बदलले. पुढे पाहुण्या समालोचकांच्या खोलीत पोसम नावाच्या, मांजराएवढ्या, घुशीच्या तोंडाच्या प्राण्याने बिऱ्हाड केलं. पोटभाडेकरूच तो!

म्हणून शहर पैसे सोडायला कचरत होतं, हे मला समजतं. पण २००५ पासून संघात असलेले, पुढे एकटेच मालक झालेले जॉन फिशर यांचं वागणं मात्र मला पटलं नाही. हेही कपड्यांच्याच धंद्यातले, 'गॅप'वाल्या घराण्यातले; पण कापडाकापडात फरक असतो. बंदरालगत नवं स्टेडियम बांधायचे सुंदर सुंदर नकाशे दाखवायचे, त्याच वेळी लास व्हेगासची जागा पाहायची. चांगले खेळाडू दुसऱ्या संघांना द्यायचे, तिकिटं महाग करायची, आणि मग म्हणायचं, पाहा, लोक येत नाहीत! आमच्या वाड्याच्या मालकांनी नळ बंद करून "पाण्याची कुणाची तक्रारच नाही" असं म्हणावं, तसंच हे. १३ जून २०२३ ला लोकांनी उलटा बहिष्कार घातला. म्हणजे ठरवून आले. २७,७५९ जण, अंगात "विका" असं लिहिलेले हिरवे सदरे. संघ त्या वर्षी ११२ सामने हरला, पण त्या दिवशी जिंकला. दोनच दिवसांनी नेवाडाच्या गव्हर्नरांनी लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सरकारी मदतीवर सही केली, आणि नोव्हेंबरात सगळ्या संघांच्या मालकांनी एकमताने स्थलांतराला मान्यता दिली. एकमताने! आमच्या सोसायटीत जिन्याचा बल्ब बदलायलाही एकमत होत नाही.

आपल्या मुंबईत तिकिटांच्या वाटपावरून भांडण झालं, तेव्हा ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. १९७५ च्या जानेवारीत तिथे कसोटीही झाली. चूल वेगळी मांडली, पण गल्ली तीच राहिली. ओकलंडच्या नशिबी तेवढंही नव्हतं. २६ सप्टेंबर २०२४ ला शेवटचा सामना झाला, ४६,८८९ लोक आले, ॲथलेटिक्स ३-२ ने जिंकले. नातू फोनवर फार बोलला नाही. मैदानातली थोडी माती त्याने बाटलीत भरून आणली होती. ती टेबलावर ठेवू का झाडात घालू, एवढंच विचारलं.

२०२५ पासून हत्ती सॅक्रामेंटोला, दुय्यम संघाच्या मैदानात, पाहुणा म्हणून. आणि नावापुढे गावच नाही. नुसते "ॲथलेटिक्स". आडनावातून 'कर' काढून टाकलेल्या माणसासारखे. गंमत अशी, की २०१९ ला त्यांना हरवणारे टाम्पा बेवालेही त्याच वर्षी बेघर झाले. ९ ऑक्टोबर २०२४ ला वादळाने त्यांच्या ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर उडवलं, आणि २०२५ चा मोसम त्यांनीही उसन्या मैदानात काढला. त्याच ९ ऑक्टोबरला लास व्हेगासमधलं ट्रॉपिकाना नावाचंच हॉटेल सुरुंग लावून पाडण्यात आलं. कशासाठी? ॲथलेटिक्सच्या नव्या स्टेडियमला जागा करायला. हे मी रचून सांगितलं असतं तर संपादकांनी कापलं असतं.

ओकलंडमध्ये मात्र २०२४ पासून 'बॉलर्स' नावाचा एक छोटा संघ सुरू झाला आहे. खालच्या दर्जाची लीग, महापालिकेच्या बागेतलं रायमंडी पार्क नावाचं मैदान. संघाने आपले काही हिस्से प्रेक्षकांनाच विकले. २०२५ च्या सप्टेंबरात ते अंतिम फेरीत पोचले आणि गोष्ट पुन्हा पाचव्या, निर्णायक सामन्यावर आली. इकडे पुण्यात सकाळ होती. मी दाढी अर्धी टाकून फोन घेऊन बसलो होतो. नातू तिथूनच बोलत होता, पण ढोलांच्या आवाजात मला धड काही ऐकू येईना. "अरे, काय झालं?" मी ओरडलो. शेवटी त्याने फोन मैदानाकडे वळवला. जिंकले होते, आणि खुर्च्यांवर माणसं होती.