‘डोपिंग’ : संवाहक बहुवारिकांच्या इतिहासातील एक उसनी संज्ञा

संवाहक बहुवारिकांचा इतिहास सामान्यतः १९७७ पासून सांगण्यात येतो. वस्तुतः १९६३ मध्येच ऑस्ट्रेलियात वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त पॉलिपायरोल बऱ्यापैकी विद्युत्‌वाहक असल्याचे प्रसिद्ध केले होते. परंतु तो शोध रसायनाच्या नियतकालिकात आला आणि तेथेच राहिला.

पुढची हकीकत सुपरिचित आहे. १९६७ मध्ये टोकियोत शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक चुकून सुमारे हजारपट पडला आणि पॉलिॲसिटिलीनची काळी भुकटी मिळण्याऐवजी चंदेरी पापुद्रा हाती आला. चकाकी धातूची, गुण मात्र धातूचा नव्हे. १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मॅकडायर्मिड व हीगर यांच्यासमवेत त्यावर ब्रोमीनची प्रक्रिया करताच त्याची वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली.

१९७७ मध्ये या कार्यावर दोन निबंध निघाले. रसायनाच्या पत्रिकेतील शीर्षकात या द्रव्यास ‘हॅलोजन-साधित’ म्हटले आहे. भौतिकीच्या पत्रिकेत तेच ‘डोप केलेले’ झाले. भाषाभ्यासकाचे लक्ष येथे थबकते. सिलिकॉनच्या डोपिंगमध्ये परका अणू सिलिकॉनच्या अणूची जागा घेतो, आणि त्याचे प्रमाण दहा लाखांत एक किंवा त्याहूनही कमी असते. येथे शृंखलेतील एकही कार्बन हलत नाही. आयोडीन शृंखलांच्या मधल्या जागेत बसते व त्यांच्याकडून इलेक्ट्रॉन घेते. प्रमाणही शेकडा काही इतके असते. हे सरळसरळ ऑक्सिडीकरण होय.

मूळ शृंखलेत एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने येतात. सर्व बंध समान असते, तर ती धातूवत् झाली असती. या आलटून-पालटून रचनेमुळेच सुमारे दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा-फट पडते. सू, श्रीफर व हीगर यांनी १९७९ मध्ये दाखविले की, काढून घेतलेल्या इलेक्ट्रॉनचा विद्युत्‌भार, जेथे बंधांचा क्रम उलटतो त्या ‘सॉलिटॉन’वर राहतो. असा भारित सॉलिटॉन भार वाहतो, पण त्यास परिभ्रम (स्पिन) नसतो. म्हणून थोड्या प्रमाणात वाहकता पुष्कळ वाढूनही धातूची चुंबकीय खूण दिसत नाही. ती सुमारे शेकडा सहाच्या पुढे प्रकट होते. विसंवाहकापासून धातूपर्यंतच्या वाटेतील हा मधला मुक्काम उसन्या संज्ञेत झाकला जातो.

तथापि तिचा एक उपकार मान्य केला पाहिजे : त्या शब्दामुळे अर्धवाहकांच्या अभ्यासकांना हे द्रव्य आपले वाटले, असे माझे मत आहे. वाइस यांना असा शब्द लाभला नाही.

‘धातू’ या शब्दाचा प्रश्न त्यानंतरही राहिलाच. कारण शृंखलांच्या अव्यवस्थेमुळे बहुतेक नमुन्यांची वाहकता थंडीत घटत असे. तापमान उतरेल तसा विद्युत्‌रोध ५ केल्व्हिनपर्यंत घटत जाणारे पॉलिॲनिलीन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.