रानकोंबडा कुणी संपवला?

आमची भाची अमेरिकेत साउथ डाकोटा राज्यात असते. मागच्या दिवाळीनंतर तिने एक फोटो पाठवला. शेजाऱ्याच्या गाडीच्या पाठीमागच्या फळीवर तीन पक्षी ओळीने मांडलेले. लांब शेपट्या, हिरवीगार मान, गळ्यात पांढरे कडे. खाली तिचा प्रश्न, "मामा, ह्यांना फेजंट म्हणतात. इथे सगळे ह्यांच्या शिकारीला जातात. आपल्याकडे नसतात ना असले पक्षी?"

तिला दोन ओळींत उत्तर दिले खरे, पण विषय दोन ओळींत मावणारा नाही. म्हणून हा लेख. इतर भाचरे-पुतण्यांनीही वाचावा.

तर, असतात. हिमालयातला मोनाल तर फेजंटच. आपला मोर आणि आपला रानकोंबडा हेही शास्त्रज्ञांच्या हिशेबात त्याच कुळातले. तित्तर, लावा, चकोत्री ही सगळी त्याच मोठ्या घराण्याची धाकटी पाती. अबूच्या पहाडापासून खाली सह्याद्री धरून थेट कन्याकुमारीपर्यंत जो राहतो तो राखी रानकोंबडा. हिंदुस्थान सोडून जगात दुसरीकडे कुठेही तो रानात नाही. इंग्रज त्याला 'सोनराचा कोंबडा' म्हणत. सोनरा हा फ्रेंच प्रवासी. त्याने १७८२ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या पक्ष्याची हकीकत दिली. आमच्याकडे अर्थात कुणाला सोनरा ठाऊक नव्हता. आमच्या लेखी तो रानकोंबडा, तिची रानकोंबडी, आणि दोघेही फार लाजाळू.

निडीत वाढलेल्या माझ्या पिढीला त्याची बांग माहीत आहे. गावठी कोंबड्यासारखी ती लांबत नाही. मोडकी, चार तुकड्यांची, आणि शेवटी खालच्या आवाजात 'क्युक् क्युक्' करून विझणारी. थंडीच्या पहाटे डोंगराच्या एका सोंडेवरून एक ओरडला की दुसऱ्या सोंडेवरून दुसरा. अवचितगडाच्या बाजूने आवाज येई तेव्हा आजी म्हणायची, "गडावरचा शिपाई उठला." आता महिनामहिना तो आवाज नाही. रेल्वेची शिटी तेवढी येते.

गावात हा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते: "कातकऱ्यांनी खाऊन संपवला." चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे हेच. मला हे उत्तर पटत नाही. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. ज्याच्याजवळ कागद नाही, बोलायला वकील नाही, त्याच्यावर आळ घालणे नेहमीच सोपे जाते, एवढे त्यातून कळले. म्हणून जरा हिशेब मांडून बघू.

कातकरी रानकोंबडा मारत, यात शंकाच नाही. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फास एका दोरीला ओळीने बांधायचे आणि पक्ष्याच्या रोजच्या वाटेवर, पाल्यात, मांडून ठेवायचे. गलोल असे, तिरकमठाही असे. माझ्या वर्गात वाडीवरचा एक मुलगा होता. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कोळशाच्या भट्टीवर जायचा आणि पावसाच्या तोंडाला परत शाळेत उगवायचा. अभ्यासात यथातथा, पण ओठ आवळून रानकोंबड्याची बांग अशी काढायचा की सगळा वर्ग खिडकीकडे बघे. पावसाळ्यात नराच्या मानेची नक्षीची पिसे गळून जातात आणि तो साधा, काळपट दिसतो, ही गोष्ट मला पहिल्यांदा त्याने सांगितली. नंतर कित्येक वर्षांनी पक्ष्यांच्या पुस्तकात वाचली तेव्हा अक्षर न् अक्षर खरी निघाली. ज्या समाजातल्या पोराला एवढे ठाऊक, त्याने फासात दोन पक्षी धरले असतील, चार धरले असतील. पण ही फासाची विद्या काही काल-परवाची नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या ती चालत होती आणि पिढ्यान्‌पिढ्या रानात कोंबडा आरवतही होता.

मग नवे काय आले? पहिली आली बंदूक. १८७९ ते १८८१ या काळात ह्यूम आणि मार्शल या दोघा साहेबांनी हिंदुस्थानातल्या शिकारीच्या पक्ष्यांवर तीन जाडजूड खंड काढले. (हा ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमच. मुलांना हे सांगितले की त्यांना खरे वाटत नसे.) आमच्या बाजूला जंजिऱ्याच्या नबाबाचे राखीव रान होते. मुरूड आणि रोहा तालुक्यांतले आजचे फणसाड अभयारण्य ते हेच. शिकार नबाबाची आणि त्याच्या पाहुण्यांची, आणि हाका घालायला आसपासच्या वाड्यांतली माणसे. गंमत अशी की राखीव म्हणून ते रान टिकले, आणि १९८६ साली अभयारण्य झाले तेव्हा राखायला काहीतरी शिल्लक होते. नबाबाला आपण उगाच पुण्य द्यायला नको, पण झाले ते असे झाले.

बंदूक काय करू शकते हे बघायचे तर हिमालयातली लावी बघावी. डोंगरी लावी म्हणा. तिची शेवटची खात्रीची नोंद १८७६ सालची, नैनितालजवळची, आणि तीही एका लष्करी साहेबाने गोळी घालून पाडलेल्या मादीची. त्यानंतर आजतागायत ती खात्रीने कुणाला दिसलेली नाही.

दुसरी गोष्ट पिसांची. ही फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. रानकोंबड्याच्या नराच्या मानेवर अरुंद काळी पिसे असतात, आणि प्रत्येक पिसाच्या टोकाकडे मेणासारखा, नखासारखा चकचकीत पांढरा-पिवळा ठिपका. हात लावला तर पीस वाटत नाही, लाखेचा थेंब वाटतो. विलायतेत सामन मासा गळाने धरायचा शौक मोठा. त्या गळाला गांडूळ लावत नाहीत, रंगीत पिसे दोऱ्याने बांधून खोटा किडा करतात. त्या किड्याला डोळा हवा, तो चमकायला हवा आणि पाण्यात भिजून विरघळायलाही नको. त्यासाठी आमच्या रानकोंबड्याचे ते ठिपक्याचे पीस जगात सर्वांत उत्तम ठरले. 'जॉक स्कॉट' नावाचा एक नामांकित गळ आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बांधलेला. त्यातही हे पीस आहे. १८९५ साली केल्सन नावाच्या गृहस्थांनी असल्या गळांवर अख्खा ग्रंथ लिहिला. आता विचार करा. ही पिसे मिळायची म्हणजे नराच्या मानेचे कातडेच सोलून काढायचे. एक मान, एक कोंबडा. सह्याद्रीत कुठेतरी फास पडायचा आणि त्याचा ठिपका स्कॉटलंडच्या नदीत माशाला खुणावायचा! फास लावणाऱ्याच्या पदरात त्यातले किती पडत असेल, हे सांगायला अर्थशास्त्र शिकायला नको.

साहेबाच्या बायकांच्या टोप्यांसाठीही हिंदुस्थानातून पिसे जात. ती लूट इतकी वाढली की १९०२ साली सरकारने रानपाखरांची कातडी आणि पिसे परदेशी पाठवायला बंदी घातली. बंदी आली म्हणून मागणी काही मेली नाही. आज तिकडचे शौकीन पिंजऱ्यात वाढवलेल्या कोंबड्यांची पिसे वापरतात, आणि रानकोंबड्याचे नाव 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीत आहे.

कायद्यांचे म्हणाल तर कायदे पुष्कळ झाले. १८८७ साली पहिला. १९१२ च्या कायद्याच्या यादीत रानकोंबडा, मोर, तित्तर, लावा, चकोत्री सगळ्यांची नावे आहेत. पण तो कायदा मारू नका असे म्हणत नव्हता. सरकार ठरवील तेवढ्या विणीच्या काळात मारू नका, असे म्हणत होता. १९५१ साली मुंबई राज्याचा वेगळा कायदा आला. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद. म्हणजे कागदावर रानकोंबडा शंभर वर्षांहून अधिक काळ सरकारी छत्राखाली आहे.

आणि याच काळात रानाचे काय झाले? इथे खरी मेख आहे. मुंबई वाढत गेली तशी तिची चूल कुलाबा-ठाण्याच्या लाकडावर पेटत गेली. (आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ चे.) नागोठण्याच्या आणि रोह्याच्या खाडीतून गलबते भरभरून लाकूड आणि कोळसा जाई. कोळसा पाडायला माणसे कोण? तीच, वाडीवरची. रान ठेकेदाराचे किंवा सरकारचे, मजुरी कातकऱ्याची, आणि रान उघडे पडल्याचा दोषही कातकऱ्याचा. जंगलकायद्याने गवत-लाकूड तोडायची बंदी झाली, त्याविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरला सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. ते आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. त्याच काळात रीतसर परवान्याने किती रान कोळसा होऊन गेले, ते शिकवत नाही.

रानकोंबड्याला उंच झाडापेक्षा झाडाखालची गच्च झुडपे लागतात. दिवसभर तो पाल्यात उकरतो, कारवीच्या आणि बांबूच्या बिया टिपतो. कारवीचे बी पडते त्या साली तर तिथे थव्याने जमतो. झोपायला फक्त झाडावर. घरटे जमिनीवर, पाचोळ्यात नुसता खळगा. अंडी घालण्याचा मुख्य काळ फेब्रुवारी ते मे. आता आमच्याकडचे वणवे कधी लागतात, आठवा. मार्च आणि एप्रिल. कुणी गवत चांगले यावे म्हणून पेटवतो, कुणी बिडी टाकतो, कुणी प्लॉटची हद्द साफ करायला काडी लावतो. रात्री डोंगरावर लाल माळ दिसते, आणि मुंबईहून आलेले पाहुणे तिचे फोटो काढतात. त्या माळेखाली अंड्यांवर बसलेली कोंबडी आहे, हे किती जणांच्या मनात येते? ती स्वतः उडून वाचेल. अंडी उडत नाहीत. फासात सापडला तर एक नर जातो. एका वणव्यात त्या उतारावरची सगळी त्या सालची पिढी जाते, आणि पुढच्या सालासाठी आडोसाही जातो.

मोराचे उलट झाले. १९६३ साली तो राष्ट्रीय पक्षी झाला, लोक त्याला मारीत नाहीत, आणि तो शेतातही पोट भरतो. २०२० च्या देशव्यापी पक्षी-अहवालात मोर वाढल्याचे दिसले. नुसते न मारणे मोराला पुरले. रानकोंबड्याला ते पुरत नाही, कारण त्याला शेत चालत नाही.

भाचीच्या साउथ डाकोटातही गोष्ट हीच आहे, फक्त बंदुकीसकट. तिकडचा फेजंट मुळात तिकडचा नव्हेच. १८८० च्या दशकात चीनमधून ओरेगॉन राज्यात आणून सोडला आणि तिथून पसरला. साउथ डाकोटाचा तर तो १९४३ पासून राज्यपक्षी. राज्यपक्ष्याची शिकार करणारे लोक विरळाच! १९८५ पासून तिकडचे सरकार शेतकऱ्यांना काही जमीन गवताखाली ठेवायचे पैसे देऊ लागले, तेव्हा फेजंट वाढले. पुढे मक्याला भाव आला, गवत नांगरले गेले आणि फेजंट घटले. दर मोसमात नर मारणे मात्र दोन्ही काळात चालूच होते. मी शिकारीची वकिली करीत नाही, माझ्या हातात आयुष्यात खडूशिवाय काही आले नाही. पण वाडीवरच्या फासाकडे बोट दाखवणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकावी.

आणि एक नवलाची गोष्ट राहिलीच. जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा. ते डार्विनपासून सगळे सांगत आले. पण २००८ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा आणि पिवळ्या पायांचा गुण तांबड्याकडून आलेला नाही. तो आपल्या राखी रानकोंबड्याकडून आला. म्हणजे केव्हातरी, कुणाच्या तरी अंगणात, आपल्या रानातला हा लाजाळू गडी उतरला होता. रोह्याच्या बाजारात जाळीच्या खुराड्यात दाटीने बसलेली पिवळ्या पायांची ब्रॉयलर बघा. त्या पायांत सह्याद्री आहे. सुनेला हे सांगितले तर म्हणाली, "अहो बाबा, आता रविवारी जेवू तरी द्या."

जातीने तो अजून नामशेष झालेला नाही, हे मुद्दाम सांगतो. जागतिक यादीत तो धोक्याबाहेरच्या रकान्यात आहे. फणसाडला आहे, कर्नाळ्याला आहे. गेला आहे तो आमच्यासारख्या गावांच्या पाठीवरच्या डोंगरांतून, आणि असे लहान लहान जाणे कुठल्या यादीत येत नाही.

म्हणून नातेवाईक मंडळींना एक काम सांगतो. नागोठणे, निडी, रोहा, कोलाड या बाजूला कुणी असाल आणि या जानेवारी ते मे महिन्यांत पहाटे ती मोडकी बांग ऐकू आली, तर तारीख, वेळ आणि डोंगराची कुठली बाजू, एवढे लिहून मला कळवा. त्याच कागदावर वणवा कुठे आणि कधी लागला तेही लिहा. मी वही घातली आहे. पहिल्या पानावर सध्या दोनच नोंदी आहेत, आणि दोन्ही वणव्याच्या.