बंद दारामागील गोठा

प्रयोगशाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या, सूक्ष्मदर्शक यंत्र आणि पांढरा अंगरखा ल्यालेला शास्त्रज्ञ उभा राहतो. गोठा मात्र उभा राहत नाही. वस्तुतः रोगजंतूंच्या शास्त्राचा फार मोठा इतिहास गोठ्यात, तबेल्यात आणि पिंजऱ्यांच्या रांगांमध्ये घडला आहे. ज्या जनावरांवर औषधांची परीक्षा झाली, त्यांना चारापाणी घालणारा, त्यांना धरून ठेवणारा, त्यांचे रक्त काढणारा आणि ती मेल्यावर त्यांची विल्हेवाट लावणारा मनुष्य ह्या इतिहासात आपल्याला ओझरताच भेटतो. आज त्याला पशुवैद्यकीय तंत्रज्ञ म्हणतात. अतिघातक जंतूंवर जेथे संशोधन चालते, त्या कडेकोट प्रयोगशाळेत ह्या मनुष्याचे काम काय असते आणि ते आजच्या रूपास कसे आले, ह्याचा परामर्श आज घ्यावयाचा आहे.

ह्या कथेचा आरंभ आपल्या पुण्यात होतो. एकोणिसाव्या शतकात बुळकांडीने हिंदुस्थानातील गुरांचा वारंवार संहार केला. जनावराला ताप भरे, तोंडात व्रण पडत, हगवण लागे आणि थोड्याच दिवसांत ते मरून पडे. एका गोठ्यातला रोग दुसऱ्या गोठ्यात जावयास वेळ लागत नसे. बैल गेला की नांगर उभा राही आणि नांगर उभा राहिला की घरात उपासमार शिरे. ह्या रोगाच्या चौकशीसाठी सरकारने १८६८ साली एक मंडळ नेमले. त्याचे प्रमुख हॅलन हे पशुवैद्य होते आणि त्यांचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. पुढे ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे होत.

परंतु आरंभीच एक पेच उभा राहिला. बुळकांडीचा अभ्यास करावयाचा तर बुळकांडी जवळ बाळगावयास हवी. त्या काळी हे विष बाटलीत वाढविण्याची विद्या कोणास अवगत नव्हती. ते जिवंत जनावराच्या देहातच टिके. म्हणजे अभ्यासासाठी आजारी गुरे हाताशी ठेवणे क्रमप्राप्त झाले, आणि तीही अशा शहरात की जेथे गवळवाडे आहेत, बाजार आहेत आणि खेडोपाडीच्या बैलगाड्यांची सतत ये-जा आहे. म्हणून १८९३ साली ही प्रयोगशाळा पुण्याहून हालविली आणि कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे, सुमारे ७,५०० फूट उंचीवर, नेऊन बसविली. तेथे वस्ती विरळ आणि हवा थंड होती. घातक रोगाभोवती भिंत बांधण्याचे तंत्र नव्हते, तेव्हा अंतरालाच भिंत मानले गेले.

मुक्तेश्वरचे कार्य पुढे मोठे झाले. १८९७ साली स्वतः रॉबर्ट कॉख ह्या संस्थेस भेट देऊन गेले. तेथे बुळकांडीचे रक्तजल तयार होऊ लागले. जे जनावर रोगातून वाचले आहे त्याला वरचेवर विषारी रक्त टोचावयाचे, त्याची प्रतिकारशक्ती वाढवावयाची आणि मग त्याचेच रक्त काढून त्यातील निवळ भाग दुसऱ्या जनावरांना द्यावयाचा, अशी ही रीत होती. पुढे १९२० नंतरच्या दशकात डॉ. एडवर्ड्स ह्यांनी हे विष एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असे पुनःपुन्हा नेले. त्यायोगे गाईबैलांच्या बाबतीत त्याची धार पुष्कळच बोथट झाली, पण संरक्षण देण्याचा गुण शाबूत राहिला. ही शेळीच्या विषाची लस पुढे देशभर वापरली गेली.

हे दोन वाक्यांत सांगून होते. परंतु त्यामागील रोजचा खटाटोप ध्यानात आणावा. प्रत्येक टोचणीच्या वेळी कोणी तरी बैलाची मान दाबून धरली असली पाहिजे. प्रत्येक शेळीचा ताप पाहून कोणी तरी तो टिपून ठेवला असला पाहिजे. गोठा कोणी तरी धुतला असला पाहिजे, मेलेले जनावर कोणी तरी उचलले असले पाहिजे. डोंगराची उंची मोकाट गुरांना अडवू शकेल. पण आत काम करून सायंकाळी बाहेर पडणाऱ्या माणसाच्या कपड्यांना, पायताणांना आणि हातातल्या दोरखंडाला ती कशी अडविणार? अंतर ही भिंत खरी, पण तिला माणसाच्या पायांनी जाणारी एक वाट नेहमीच उघडी होती.

ह्या वाटेचा उलगडा होण्यास दुसऱ्या एका रोगाने हातभार लावला, आणि तोही आपल्याच प्रांतात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन ह्यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था होय. मुंबईत १९०५ च्या सुमारास प्लेगच्या प्रसाराचा शोध घेणाऱ्या मंडळींनी मुद्दाम लहान लहान खोल्या बांधून त्यांत उंदीर आणि गिनीपिग ठेवले. जमिनीलगत टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राण्याला प्लेग होई, पण त्याच खोलीत दोन फूट उंच टांगलेला प्राणी सुखरूप राही. कारण उंदरावरच्या पिसवेला तेवढी उडी मारता येत नाही. म्हणजे येथे मैलोगणती अंतराचे काम दोन फुटांनी केले. रोग कोणत्या वाटेने जातो हे एकदा कळले, की भिंत कोठे घालावयाची तेही कळते.

परंतु भिंत माणसाच्या हातांनीच सांभाळावयाची असते, ह्याचे दारुण प्रत्यंतर त्याच सुमारास आले. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन ह्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडावयाचा चिमटा जागेवरच जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही गोष्ट साक्षीतून पुढे आली. तरी १९०७ सालापर्यंत हाफकिन ह्यांच्यावरील बालंट दूर झाले नाही. हातून चिमटा पडणे हा काही अपराध नव्हे. तो पडला असे त्याच क्षणी बोलून थांबणे, ही मात्र एकोणीस जिवांची किंमत असलेली गोष्ट होती.

पुण्याकडे पुन्हा वळू. १९५२ साली तेथे विषाणू संशोधन केंद्र निघाले. तेच पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात, माकडे पटापट मरू लागली आणि रानालगतची माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्या विषाणूचा छडा लावला. गोचिडीने पसरणारा हाच तो माकडताप. २०१६ साली तो सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यातही येऊन ठेपला. ह्या विषाणूवर काम करता करता प्रयोगशाळेतील माणसांनाच त्याची बाधा झाली. दहाच वर्षांनी, १९६७ साली, युरोपात ह्याहून भयंकर प्रकार घडला. लस बनविण्यासाठी युगांडातून आणलेल्या माकडांपासून मारबुर्ग, फ्रँकफुर्ट आणि बेलग्रेड येथे ३१ जणांना एका अज्ञात रोगाने गाठले व त्यांपैकी ७ जण दगावले. प्रथम बाधा झाली ती माकडांच्या देहांशी आणि रक्ताशी ज्यांच्या हातांचा संबंध आला, त्यांना. त्या विषाणूला मारबुर्ग शहराचे नाव मिळाले. ते हात कोणाचे होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

अशा अनुभवांतून आजची उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा साकारली. पुण्यात पाषाण येथे सर्वोच्च म्हणजे चौथ्या श्रेणीची प्रयोगशाळा डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. १८९३ साली जो धोका पुण्यातून डोंगरावर न्यावा लागला, तशाच धोक्याला सुमारे एकशेवीस वर्षांनी पुण्यातच घर देता आले, हा शास्त्राचा मोठाच विजय होय. आता भिंत केवळ विटांची राहिली नाही. ती हवेची झाली. आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखलेला असतो. त्यामुळे दार उघडले तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. बाहेर सोडावयाची हवा अतिसूक्ष्म गाळण्यांतून गाळली जाते. सांडपाणी निर्जंतुक झाल्यावाचून सोडले जात नाही. एक दार लागल्याविना दुसरे उघडत नाही.

ह्या दारांतून आत जाणाऱ्या तंत्रज्ञाचा दिनक्रम आता पाहा. तो आपले कपडे बाहेर उतरवितो. चौथ्या श्रेणीत तो सर्वांगाला झाकणारा पोशाख चढवितो. त्यात नळीने शुद्ध हवा सोडलेली असते आणि तिच्या सततच्या आवाजामुळे शेजाऱ्याचे बोलणेही नीटसे ऐकू येत नाही. हातांत एकावर एक असे हातमोजे असतात. अशा स्थितीत त्याने उंदराची शेपूट धरावयाची, सशाची शीर शोधावयाची, गुंगी दिलेल्या माकडाचे रक्त काढावयाचे. बोटांना स्पर्श पुरता कळत नाही, आणि तेथे सुईइतके भय दुसऱ्या कशाचे नसते. काम आटोपल्यावर पोशाखावर जंतुनाशकाचा वर्षाव, मग अंगावर पाण्याचा. मगच तो आपल्या कपड्यांत आणि आपल्या घरी परत येतो. पिंजऱ्यातले गवत, उरलेला दाणा, मेलेले जनावर, ह्यांपैकी काहीही जसेच्या तसे बाहेर येत नाही.

इतकी सिद्धता असतानाही अपघात होतात. २००४ साली सायबेरियातील व्हेक्टर संस्थेत इबोलाची बाधा केलेल्या गिनीपिगवर काम करताना एका स्त्री-कर्मचाऱ्याच्या हातात सुई गेली आणि त्यातच तिचा अंत झाला. २००७ साली इंग्लंडात पिरब्राइट येथील संशोधनस्थळातून लाळ्या-खुरकुताचा विषाणू निसटला आणि आसपासच्या गुरांना रोग झाला. त्याची वाट बहुधा जमिनीखालील जुन्या, फुटक्या नळांतून गेली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. एकीकडे हात, दुसरीकडे नळ. पण दोहोंमध्ये एक फरक आहे. नळाची तपासणी दुसऱ्याला करता येते. हातमोज्याला पडलेले टाचणीएवढे भोक मात्र आधी एकट्या त्या हाताच्या मालकालाच कळते. त्याने ते सांगितले तर उपाय होतो; दडविले तर कोट्यवधी रुपयांच्या भिंती व्यर्थ होतात.

म्हणून माझ्या मते अशा प्रयोगशाळेची खरी सुरक्षितता, तेथील सर्वांत कनिष्ठ नोकराला चूक बोलून दाखविण्याची भीती वाटते की नाही, ह्यावर अवलंबून असते. शिक्षेच्या धाकाने मनुष्य नियम पाळील, पण चूक कबूल करणार नाही. आणि ह्या व्यवसायात कबुली ही नियमाइतकीच मोलाची आहे.

जनावरांच्या बाबतीतही असेच आहे. बिथरलेले जनावर चावते, ओरबाडते, सुई उडविते. त्याला शांत ठेवणारा, त्याचे दुखणे आधी ओळखणारा हातच सर्वांत सुरक्षित असतो. १९५९ साली रसेल आणि बर्च ह्या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांचा वापर टाळावा, कमी करावा आणि त्यांच्या यातना घटवाव्यात, अशी तीन तत्त्वे मांडली. आपल्याकडे १९६० साली प्राणिक्लेशप्रतिबंधक कायदा झाला. परंतु कायदा पिंजऱ्यापाशी रात्रंदिवस बसत नाही. त्या मुक्या जिवाचे शेवटचे दिवस कसे जातील, हे बहुतांशी त्याला दाणापाणी देणाराच ठरवितो. आणि त्या मरणाचे ओझेही काही अंशी त्याच्याच मनावर राहते.

छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुऱ्यासारख्या नागर वस्तीत राहणाऱ्यांना हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. आपल्या घरी दूध पिशवीतून येते, अंडी दुकानातून येतात. परंतु २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या कोंबड्यांवर बर्ड फ्लू आला, आणि २०२१ च्या जानेवारीत तो आपल्या मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यास आला. दोन्ही वेळी निदान झाले ते भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत. कोरोनाच्या काळात कोव्हॅक्सिन ही लस वीस माकडांवर पारखली गेली. ती माकडे नागपूरच्या बाजूच्या रानातून मिळविली होती आणि परीक्षा झाली पुण्याच्या संस्थेत. डॉ. बलराम भार्गव ह्यांनी आपल्या ग्रंथात त्या माकडांचे ऋण मानले आहे. माकडांइतकेच ऋण त्यांना सांभाळणाऱ्यांचेही आहे. टाळेबंदीत आपण दारे लावून आत बसलो होतो, तेव्हा ती मंडळी दारे लावून घेत होती ती विषाणूसह.

ज्या बुळकांडीपासून आपण आरंभ केला, तिचे काय झाले? २००६ साली भारत ह्या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ साली अवघ्या जगातून ती नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर मनुष्याने पृथ्वीवरून समूळ घालविलेला हा दुसरा रोग. आज ती कोणत्याही गोठ्यात नाही. तिचे अवशेष उरले आहेत ते मोजक्या संस्थांच्या शीतपेट्यांत, आणि तेही नष्ट करण्याचे काम चालू आहे. पिरब्राइट येथील साठा २०१९ साली नष्ट झाला. पुण्यापासून मुक्तेश्वरापर्यंत आणि तेथून जगभर ज्या असंख्य हातांनी बैल धरले, शेळ्या सांभाळल्या आणि गोठे धुतले, त्यांच्या श्रमाचे फळ हेच, की आजच्या शेतकऱ्याच्या मुलाला बुळकांडी हा शब्द कोशात शोधावा लागतो.