तारेतली जागा

‘वीज नाही’ हे दोन शब्द आपण तीन वेगळ्या परिस्थितींना लावतो आणि मग उपाय शोधताना गल्लत करतो. पहिली परिस्थिती म्हणजे वीज पुरेशी तयारच होत नाही. दुसरी, वीज आहे पण आत्ता कुठेतरी बिघाड झालाय. तिसरी अशी की वीज आहे, सगळं सुरळीत चाललंय, पण तुम्हाला हवी तेवढी तुमच्या दारापर्यंत आणायला वाटेत जागा नाही. महाराष्ट्रातल्या उद्योजकांच्या एका पिढीला पहिला अर्थ तोंडपाठ आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तो त्यांनी भोगला. २००६ मध्ये पुण्यात तर उद्योगांनी आपापले डिझेल जनित्रसंच चालवून ग्रिडवरची वीज शहरासाठी मोकळी केली, त्याचा जादा खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल झाला आणि शहर अंधारातून वाचलं. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजलं. तेव्हाची टंचाई युनिटांची होती. आज नवा कारखाना किंवा जुन्याचा विस्तार अडतो तो अनेकदा तिसऱ्या अर्थाने, आणि जुन्या सवयीने कारखानदार त्यावर पहिल्याचंच औषध घेतो: जनसेट मागवतो.

युनिट आणि क्षमता यांतला फरक इथे नीट धरायला हवा. युनिट म्हणजे महिनाभरात वापरलेली ऊर्जा. क्षमता म्हणजे एका क्षणी तारेतून, ट्रान्सफॉर्मरमधून किती जाऊ शकतं त्याची मर्यादा. बिलावर दोन्ही असतात, पण आपली नजर युनिटांच्या दरावर जाते, कारण त्यावर भांडता येतं. क्षमतेशी भांडता येत नाही, तिच्यामागे उष्णता असते. तारेतून प्रवाह वाहिला की ती तापते, तापली की लांबते, लांबली की खांबांमधला झोळ खाली येतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली गळती चौपट होते. ११ केव्हीच्या फिडरवरून (उपकेंद्रातून निघणाऱ्या वितरण वाहिनीवरून) २०० अँपिअर नेता येत असतील तर तो सुमारे ३.८ एमव्हीए देईल. तेवढाच प्रवाह ३३ केव्हीवर नेला तर ११.४ एमव्हीए. म्हणूनच मोठ्या ग्राहकाला वरच्या दाबाची जोडणी घ्यावी लागते, त्यात महावितरणची हौस नाही.

हा फिडर साखळीतली एक कडी झाली. त्याच्यामागे ३३/११ केव्हीचं उपकेंद्र, त्यामागे १३२ किंवा २२० केव्हीचं अतिउच्चदाब उपकेंद्र, त्यामागे महापारेषणच्या वाहिन्या. साखळीची ताकद सगळ्यात अशक्त कडीएवढी. कारखान्याच्या फाटकासमोर नवा कोरा फिडर असूनही भार वाढवून मिळत नाही, तेव्हा अडचण बहुधा दोन कड्या मागे असते, जिथे कारखानदार कधी गेलेला नसतो.

त्यातही एक बारकावा असा की उपकेंद्रात दहा-दहा एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर असतील आणि एकूण भार दहा असेल, तर बाहेरून ते अर्धं रिकामं दिसतं. नियोजन करणाऱ्या अभियंत्याच्या लेखी ते भरलेलं असतं, कारण उद्या एक ट्रान्सफॉर्मर जळाला तर दुसऱ्याने सगळा भार पेलायला हवा. कोणतीही एक गोष्ट निकामी झाली तरी पुरवठा टिकावा, हा पारेषणाचा पायाभूत नियम आहे. ‘अहो, पन्नास टक्के तर मोकळं आहे की,’ ही अधीक्षक अभियंत्याच्या टेबलासमोरची तक्रार म्हणून व्यर्थ जाते.

नियम मोडला की काय होतं ते मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० रोजी पाहिलं. शहरात बाहेरून वीज आणणाऱ्या वाटा मोजक्या. काही वाहिन्या बंद असताना कळवा-पडघे परिसरातल्या उरलेल्या ४०० केव्ही वाहिन्यांवर भार आला, त्या ट्रिप झाल्या, आणि संकटकाळी मुंबईला ग्रिडपासून वेगळं काढून स्वतःच्या विजेवर जगवणारी यंत्रणाही त्या दिवशी तिला वाचवू शकली नाही. लोकल थांबल्या. देशात त्या दिवशी विजेचा दुष्काळ नव्हता. वाट नव्हती. ती रुंदावणारी खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी कार्यान्वित झाली ऑक्टोबर २०२३ मध्ये, दशकभराहून अधिक काळ कागदावर राहिल्यानंतर.

मुद्द्याचा गाभा या कालावधीत आहे. शेड नऊ-दहा महिन्यांत उभी राहते. यंत्रं मागवून बसवायला वर्ष पुरतं. सौर प्रकल्पही दीड-दोन वर्षांत होतो. पण नवी अतिउच्चदाब वाहिनी म्हणजे मनोऱ्यांच्या जागा, शेतकऱ्यांचा मोबदला, वनखात्याची परवानगी, रेल्वे आणि महामार्ग ओलांडण्याच्या संमती. तीन ते पाच वर्षं सहज जातात. मोठे ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाहीत. ते मागणीनुसार बनतात आणि अलीकडच्या वर्षांत जगभर त्यांची प्रतीक्षा वाढली आहे. उद्योगाचं घड्याळ आणि ग्रिडचं घड्याळ एकाच वेगाने चालत नाहीत. जे संथ आहे त्याला आधी सांगावं लागतं, इतकी ही साधी गोष्ट आहे, पण जमीन, कर्ज, यंत्रं आणि शेवटी ‘लाइटचं बघू’ हाच क्रम आपल्याकडे रूढ आहे.

आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत ग्रिडही यातून सुटलेले नाहीत. नेदरलँड्समध्ये जून २०२२ मध्ये पारेषण कंपनी टेनेटने नॉर्थ ब्राबंट आणि लिम्बुर्ख या दोन प्रांतांत मोठ्या ग्राहकांना नवी क्षमता देता येणार नसल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी पश्चिम लंडनमध्ये डेटा सेंटरांनी आधीच जागा आरक्षित केल्याने नव्या घरबांधणीलाही जोडणीसाठी २०३५ पर्यंत थांबावं लागू शकतं असं समोर आलं. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरांची रांग पाहणाऱ्याला ही बातमी दूरची वाटू नये.

‘कायद्याने वीज देणं बंधनकारक आहे ना?’ आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार अर्ज आल्यापासून महिन्याभरात पुरवठा द्यायला हवा. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की वाहिनी वाढवावी लागत असेल किंवा नवं उपकेंद्र लागत असेल, तर ते काम पूर्ण होताच किंवा वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या मुदतीत. म्हणजे हक्क शाबूत, पण महिन्याचं आश्वासन जिथे तार आधीपासून आहे तिथपुरतं. फक्त तुमच्यासाठी लागणारी वाहिनी स्वतःच्या खर्चाने, वितरण कंपनीच्या देखरेखीखाली टाकता येते, आणि घाईत असलेले बरेच उद्योग ती टाकतातही. मागच्या उपकेंद्राची वाढ मात्र तशी होत नाही. तिचा खर्च कंपनीच्या भांडवली आराखड्यातून येतो आणि त्याला महाराष्ट्र वीज नियामक आयोगाची मंजुरी लागते.

मग सगळ्यांनी आजच भरमसाट करार मागणी, म्हणजे कंपनीशी करार करून राखलेली कमाल क्षमता, घेऊन ठेवावी का? इथे माझं मत बहुतेक सल्लागारांहून वेगळं आहे. वापर झाला नाही तरी करार मागणीच्या ठरावीक हिश्श्यावर मागणी आकार भरावाच लागतो. तीन वर्षांनी येणाऱ्या यंत्रासाठी आज केव्हीए घेऊन ठेवणं म्हणजे रिकाम्या गोदामाचं भाडं भरणं. शिवाय एकच उद्योग तीन औद्योगिक वसाहतींत चौकशीचे अर्ज टाकतो, त्यातले दोन कधी प्रत्यक्षात येत नाहीत, पण कागदावर तेवढी मागणी दिसते आणि खऱ्या गरजूची रांग लांबते. नियोजन म्हणजे क्षमता अडवून ठेवणं नव्हे, पुढच्या पाच वर्षांचा खरा आकडा टप्प्याटप्प्याने, लेखी, वेळेत कळवणं.

आणि तो खरा आकडा फार थोड्या कारखान्यांना माहीत असतो. सगळ्या मोटारींच्या पाट्यांवरचे किलोवॅट बेरजेला घेतले तर तो फुगतो, कारण सगळी यंत्रं एकाच वेळी पूर्ण भाराने चालत नाहीत. उलट मोठी मोटार थेट सुरू केली तर ती क्षणभर सहा-सात पट प्रवाह ओढते, आणि हे त्या बेरजेत दिसतच नाही. पॉवर फॅक्टरचं, म्हणजे ओढलेल्या केव्हीएपैकी किती प्रत्यक्ष कामी येतात त्या प्रमाणाचं, तर गणितच बोलकं आहे. ४०० किलोवॅटचा भार ०.८ पॉवर फॅक्टरला ५०० केव्हीए मागतो, ०.९८ ला साधारण ४०८. एक चांगली कपॅसिटर बँक बसवली की ९२ केव्हीए जागा त्याच तारेत निघते, कुणाच्या मंजुरीशिवाय. भार वाढवून घ्यायचा अर्ज लिहिण्याआधी वर्षभराची कमाल मागणी मीटरमधून काढून महिन्याच्या कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीत ती येते हे पाहिलं तर निम्मे अर्ज लहान होतील असा माझा अंदाज आहे.

छपरावरच्या सौर पॅनेलांबद्दल एक गैरसमज पक्का आहे. ती क्षमताही वाचवतात असा तो. प्रत्यक्षात ती युनिटं वाचवतात, क्षमता फारशी नाही. ढगाळ जुलैत आणि रात्रपाळीत कारखाना पूर्ण भार ग्रिडवरूनच घेतो, म्हणून जोडणी पूर्ण क्षमतेचीच लागते. मुक्त प्रवेशाने, म्हणजे ग्रिडच्याच तारा वापरून दुसऱ्या उत्पादकाकडून, दूरवरची सौर वीज घेतली (२०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी ती सोय १०० किलोवॅटपर्यंत खाली आणली) तरी ती शेवटी त्याच फिडरवरून दारात येते. खऱ्या अर्थाने जागा मोकळी होते ती भार हलवल्याने. भट्टी, चिलर, कॉम्प्रेसर यांतलं काय दुपारी चालू शकतं हे फक्त कारखान्याच्या आतल्या माणसाला कळतं. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दहा किलोवॅटवरच्या औद्योगिक व व्यापारी ग्राहकांसाठी उन्हाच्या तासांचा दर किमान वीस टक्क्यांनी कमी ठेवायला सांगितलंय, तेव्हा भार हलवण्याचा मोबदलाही मिळतो.

नव्या भाराची यादी मात्र लांबतेच आहे. तेलावरचा बॉयलर विजेवर जाईल, मालाचे ट्रक विजेवर आले की फाटकाशी चार्जर लागतील. हा भार कारखान्याच्या जुन्या आलेखात नाही, म्हणून वितरण कंपनीच्या अंदाजातही नसणार. आयोगाचा सध्याचा बहुवार्षिक वीजदर कालावधी २०२५-२६ ते २०२९-३० असा आहे. त्यापुढच्या पाच वर्षांत कुठलं उपकेंद्र वाढवायचं याचे प्रस्ताव २०३० उजाडण्याआधीच तयार व्हावे लागतील, आणि २०३१ मध्ये ज्या प्लॉटवर पायाभरणी होणार आहे त्याच्या मालकाचं पत्र तोवर मंडल कार्यालयाच्या फायलीत असेल किंवा नसेल.