प्लॅस्टिकचे पिस्तूल

१९८२ साली ऑस्ट्रियाच्या लष्कराने ‘ग्लॉक १७’ स्वीकारले, तेव्हा ते बनवणारे गॅस्टन ग्लॉक शस्त्रांच्या व्यवसायात जवळजवळ अनोळखी होते. व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राममधला त्यांचा कारखाना पडद्यांच्या दांड्या आणि लष्करासाठी सुऱ्या, फावडी असा माल काढत असे. जुने वाल्थर पिस्तूल बदलण्याचा लष्कराचा विचार १९८० मध्ये त्यांच्या कानावर आला. त्यांनी जाणकारांना गाठून पिस्तुलात काय हवे ते विचारून घेतले, इतरांची पिस्तुले खोलून पाहिली आणि कोरी पाटी घेऊन काम सुरू केले. हे अडाणीपण पथ्यावर पडले असे म्हणायला हरकत नाही. मुरलेल्या बंदूककाराने जे गृहीतच धरले असते, ते त्यांनी धरले नाही.

मूठ आणि सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे लोकांच्या भाषेत प्लॅस्टिकचा होता. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉख कंपनीने १९७० मध्ये ‘व्हीपी ७०’ या पिस्तुलात हा प्रयोग केला होता, पण त्याचे फारसे चालले नाही. ग्लॉकमध्ये नळी आणि वरची सरकती स्लाइड पोलादाची राहिली, आणि स्लाइड धावण्यासाठी सांगाड्यात पोलादी पट्ट्या बसवल्या. सुटे भाग जेमतेम ३४. मॅगझिनमध्ये ९ मिलिमीटरची १७ काडतुसे मावत. अमेरिकी पोलिसांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तेव्हा सहा असत. मागे उभारणारा घोडा नाही, अंगठ्याने खालीवर करायचा सुरक्षेचा खटका नाही. स्लाइड मागे ओढली की काडतुसावर आदळणारा आतला स्ट्रायकर अर्धवट ताणला जाई, उरलेला ताण चाप ओढताना पडे. चापाच्या मधोमध एक बारीक पाते होते. बोट नीट टेकून ते दाबले गेल्याशिवाय चाप मागे जात नसे. आणखी दोन सुरक्षा यंत्रणा आत दडलेल्या होत्या, हाताला न लागणाऱ्या.

१९८५ च्या अखेरीस कंपनीने जॉर्जिया राज्यातल्या स्मर्ना येथे अमेरिकी शाखा उघडली. तिथल्या हौशी नेमबाजांच्या मनात पिस्तुलाची मूर्ती पक्की होती: जॉन ब्राउनिंगने घडवलेले, १९११ पासून लष्करात असलेले .४५ चे कोल्ट. निळसर पोलाद, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, किलोभर वजन. घोडा मागे ताणून आणि खटका लावून ते बाळगण्याची रीत नेमबाजीचे प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या शिकवणुकीतून रुजली होती, आणि ९ मिलिमीटरच्या गोळीबद्दल कूपर यांचे मत चांगले नव्हते. या मंडळींना ग्लॉक चौकोनी, काळेकुट्ट आणि कुरूप वाटले. ‘कॉम्बॅट टपरवेअर’ हे नाव चिकटले ते तेव्हाच. उन्हात वितळेल, थंडीत तडकेल, हजारभर गोळ्यांत झिजेल अशी भाकिते झाली. पिस्तूल हातात घेतल्यावर आणखी एक तक्रार निघे: मूठ जास्त कललेली असल्याने कोल्टची सवय असलेल्याची नळी आपोआप निशाण्याच्या वर जाई.

मग लोकांनी ते चालवून पाहिले. वाळू, चिखल, पाणी, बर्फ असे सगळे अत्याचार झाले आणि पिस्तूल बहुधा चालत राहिले. इतक्या हलक्या पिस्तुलाचा धक्का मनगटाला जोरात बसेल अशी अटकळ होती, तीही चुकली. नळी हाताच्या जवळ, खाली बसवलेली असल्याने आणि पॉलिमर किंचित लवत असल्याने झटका सौम्य लागे. रूपावर नाक मुरडणारे बरेच जण हळूहळू गप्प झाले.

दुसरे वादळ हौशी मंडळींच्या बाहेरचे होते. जानेवारी १९८६ मध्ये स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी लिबियाच्या गडाफीला अशी पिस्तुले मिळत असल्याचे लिहिले, आणि विमानतळाच्या तपासणीत न सापडणाऱ्या शस्त्राची भीती अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीपर्यंत पोहोचली. वास्तविक पिस्तुलात अर्ध्या किलोच्या आसपास पोलाद होते. १९८८ मध्ये शोधता न येणाऱ्या शस्त्रांवर बंदी घालणारा कायदा झाला. ग्लॉक त्यात अडकलेच नाही. १९९० च्या ‘डाय हार्ड २’ चित्रपटात तर चिनी मातीचे एक काल्पनिक ग्लॉक अवतरले. बदनामीतून झालेली ही जाहिरात कंपनीला फुकटात पडली.

एप्रिल १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. रिव्हॉल्व्हर अपुरे पडते हा समज त्यानंतर बळावला आणि पोलीस खाती नव्या पिस्तुलांकडे वळली. कंपनी त्यांची जुनी रिव्हॉल्व्हरे मोबदल्यात घेऊन ग्लॉक देई, त्यामुळे खात्यांचा खर्च वाचे.

प्लॅस्टिकवरची टीका पोकळ ठरली, खटका नसल्याबद्दलची मात्र तितकी नाही. चाप हलका आणि त्याचा प्रवास छोटा असल्याने चापावर बोट ठेवून पिस्तूल होल्स्टरमध्ये घालणाऱ्यांच्या मांडीत गोळी शिरण्याचे प्रकार घडले. शिवाय पिस्तूल खोलायचे तर आधी चाप ओढावाच लागतो. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे समजणाऱ्याच्या नळीत एक काडतूस उरलेले असे, आणि साफसफाई सुरू करताच ते उडे. रिव्हॉल्व्हरच्या लांब, जड चापावर शिकलेल्या पोलिसांना चापावर बोट ठेवण्याची सवय बदलणे कठीण गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी मुद्दाम जड चाप बसवला गेला.

प्रतिस्पर्ध्यांनी मात्र निकाल ओळखला होता. पोलाद आणि लाकडाची परंपरा सांगणाऱ्या स्मिथ अँड वेसनने १९९४ मध्ये पॉलिमरचे ‘सिग्मा’ आणले. ते इतके सारखे होते की ग्लॉकने दावा ठोकला, जो पुढे तडजोडीने मिटला. अमेरिकी लष्कराने १९८५ मध्ये धातूच्या सांगाड्याचे, खटका असलेले बेरेटा निवडले होते. २०१७ मध्ये ते बदलताना लष्कराने सिग सॉअरचे पॉलिमर-सांगाड्याचे, स्ट्रायकरवर चालणारे पिस्तूल घेतले, आणि त्यावर अंगठ्याचा खटका मात्र आग्रहाने बसवून घेतला.